नवव्या मैलावरचा उसासा

गुलनारनं त्याची गाडी आधी ऐकली.

यवतमाळहून घाटंजीला जाणाऱ्या रस्त्यावर, गावातली शेवटची घरं संपतात तिथं तिच्या अब्बांचं, अब्दुल गनी मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्याच्या मागच्या पत्र्याला लागूनच त्यांचं स्वयंपाकघर. साल एकसष्ट, डिसेंबरातली कोवळी दुपार. गुलनार सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती आणि रस्त्यावरून असा आवाज आला की सूप हातातच राहिलं. ट्रक नव्हता, जीप नव्हती, एस.टी. तर नव्हतीच नव्हती. खर्जातला, घोटीव, कुणी गळा साफ करून गायला बसावं तसा आवाज...

‘ही आपल्या गावची नाही,’ ती मनाशी म्हणाली. गाडीबद्दलच म्हणाली. गाडीवाला तिच्या मनात यायला अजून पाच मिनिटं होती.

पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं. तिनं त्याला डोळा लावला. लाल, बुटकी, विलायती गाडी; वरचं छत मागं पाडलेलं, जागा दोनच माणसांची. तिच्यातून उतरलेल्या तरुणाच्या केसांत, खांद्यांवर, भुवईवरसुद्धा रुईचे बारीक तंतू होते. खिशातून कापसाचा बोळा काढून त्यानं आधी बॉनेटवरची धूळ टिपली आणि मग अब्बांना सलाम केला. काय बाई माणूस, गुलनारला वाटलं, आधी गाडी, मग सलाम. पण हसू आलं तिला.

“मी जलाल. कमलाकर वकिलाची गाडी चालवतो,” तो म्हणाला. “उस्ताद, हे मिसिंग करते. भल्ली मिसिंग करते, इंजिन मधातच ठोके चुकते. पण रोज नवव्या मैलावर. त्याच्या आधी नाही.”

अब्बांनी नेहमीसारखी मान डोलवली, गाडी सुरू करायला सांगितली आणि डावा तळहात गॅरेजच्या मागच्या पत्र्यावर ठेवून डोळे मिटले.

हा हात पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. गनी मिस्त्री पत्र्यावर हात ठेवतात आणि इंजिनाचं दुखणं सांगतात, असं ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर सांगत. खरं काय ते तीनच माणसांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी एका तापानं अब्बांचे कान नेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग माणसं, शेवटी इंजिनं. माणसांचं बोलणं ओठांवरून भागायचं, पण इंजिनाला ओठ नसतात. तेव्हा तेरा वर्षांची असलेली गुलनार पत्र्याला कान लावायला लागली आणि लाटण्यानं हलकेच ठोके द्यायला लागली. एक ठोका म्हणजे करंटचा दोष, दोन म्हणजे पेट्रोलचा, तीन म्हणजे वॉल्व. अब्बांच्या तळहाताला ते पत्र्यातून कळायचं. तिसरी जाणती म्हणजे अब्बांची बहीण आयशाबी. तिच्यापासून या घरातलं काहीच कधी लपवता आलं नव्हतं.

त्या दिवशी गुलनारनं खूप वेळ ऐकलं. चारही सिलिंडर शहाण्या लेकरांसारखे आपापल्या पाळीनं बोलत होते. ठोका द्यायला काही नव्हतंच. लाटणं मांडीवर पडून राहिलं.

मग गाडी रोज यायला लागली. अब्बांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. गॅरेजात ती मध गिळल्यासारखी चालायची आणि नवव्या मैलावर खोकायची. जलाल परत यायचा, तोंड एवढंसं करून. आणि गुलनारला... खरं सांगायचं तर तिला आनंद व्हायचा. गाडी सुधारली नाही याचा आनंद व्हावा, अशी मिस्त्रीची मुलगी तिनं कुठं ऐकली नव्हती. दुपार झाली की तिचे कान आपोआप रस्त्याला लागत.

चौथ्या दिवशी अब्बा स्वतः गाडीत बसून नवव्या मैलापर्यंत गेले आणि परत आले. दुपार कलल्यावर ते असरच्या नमाजाला गेले, आणि पत्र्याच्या पलीकडून कापसानं काहीतरी पुसण्याचा आवाज यायला लागला. मग जलालचा आवाज, खालच्या पट्टीत.

“इथं कोणी आहे का?”

गुलनार पीठ मळत राहिली.

“नसन तर बरं. मंग मी पत्र्यासंगंच बोलतो. पत्रेभाऊ, उस्तादले ऐकू येत नाही ना?”

तिच्या हातातलं पीठ हातातच वाळलं.

“मी रस्त्याकडे पाहून म्हटलं, उस्ताद, सुरू झालं पाहा मिसिंग. तर ते मले म्हणे, हौ, यंदा हरभरा चांगला आहे.”

ती घाबरली होती, तरी तिला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला, पण उशीर झाला होता.

“पत्रा हसते वाटते.”

“पत्रा हसत नाही,” ती म्हणाली, आणि आपण बोललो हे तिला बोलल्यावर कळलं. आता लपून काय उपयोग होता. “तुमी कोणाले सांगतलं तर आमचं दुकान बसल. लोक अब्बाच्या हाताकडे येतात. पोरीच्या कानाकडे कोणी येणार नाही.”

पुसण्याचा आवाज थांबला.

“म्हणजे ऐकणाऱ्या तुमी आहात,” तो हळूच म्हणाला. “मले वाटे, पत्र्यात जादू आहे.” पत्र्यावर हलकी टिचकी मारून तो म्हणाला, “आहेच म्हणा.”

“सांगाल का कोणाले?”

“नाही. पण एक अट आहे.”

“काय?”

“रोज इतकंच बोलाल का... पत्र्याच्या तिकडून?”

“ते तुमची गाडी किती दिवस बिमार राहते त्याच्यावर आहे,” ती म्हणाली आणि पिठाचे हात धुवायला उठली. घागर काठोकाठ भरलेली होती तरी ती विहिरीवर जाऊन आली.

पण गाडीच्या आजाराचे दिवस मोजकेच होते. बुधवारी कमलाकर वकील स्वतः चालत आले. गोल, घामट, प्रेमळ गृहस्थ. त्यांनी ही गाडी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून हौसेनं घेतली होती. आणि दर सुटीच्या दिवशी नवव्या मैलावर उन्हात उभं राहण्याची त्यांच्या पत्नीची, पद्मजाबाईंची हौस आता पुरती फिटली होती.

“गनीमियाँ, तुमच्यावर माझा भरोसा आहे,” ते म्हणाले, “पण रविवारी नागपूरहून एक जण गाडी न्यायला येतो आहे. तोवर जमलं तर ठीक. जलालचीही काळजी नको, नागपूरवाला त्यालाही ठेवून घेतो म्हणतो.”

पत्र्यामागं गुलनारनं ते सगळं ऐकलं. इंजिनातलं बारीकसं तुटलेपण ओळखणारी ती, पण आपल्याच छातीत काय तुटलं ते ओळखायला तिला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी जलाल पत्र्याशी बोलायला आला तेव्हा ती वाटच पाहत होती.

“गाडी इथं बिमार पडतच नाही, तर मी इथं बसून काय ऐकू? मले नवव्या मैलावर ऐकू द्या.”

“तुमी गाडीत बसाल?” त्याचा आवाज एकदम उजळला, मग पडला. “पण जागा दोनच आहे. माह्यासोबत एकट्या... उस्ताद जाऊ देतील काय?”

उस्तादांनी अर्थातच जाऊ दिलं नसतं. पण गुलनारनं अब्बांपासून कधी काही लपवलं नव्हतं. समोर बसून, ओठ नीट हलवून तिनं सगळं सांगितलं: जलालला कळलं आहे, त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, आणि गाडीचा दोष रस्त्यावरच ऐकावा लागेल. अब्बा बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी बहिणीला बोलावणं धाडलं.

आयशाबी फुफीनं गाडीभोवती एक फेरी मारली. दोन सीटा. सीटांच्या मागं दोन सुटकेसी मावतील एवढी बोळकांडी.

“पोरगी मागे. मी समोर,” तिनं निकाल दिला. “अन् पोट्ट्याचे डोळे रस्त्यावर.”

शुक्रवारची दुपार. काळ्या बुरख्यातली फुफी मांडीवर पानदान घेऊन पुढं विराजमान झाली आणि मागच्या बोळकांडीत गुलनार पाय दुमडून, गाडीच्या मागच्या पत्र्याला टेकून बसली. कोणत्याही मिस्त्रीनं आजवर तिथं बसून ही गाडी ऐकली नव्हती. मिस्त्री मागं कशाला बसेल?

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, पांढरा, उन्हात डोळे दिपवणारा. पुढं सागाचं जंगल, त्याची पसरट पानं रस्त्यावर सावल्या टाकणारी. ऊन, सावली, ऊन, सावली... वारा पदरात शिरत होता. रोज पत्र्यातून गाळून येणारं जग आज एकदम सगळीकडून येत होतं आणि गुलनारनं डोळे मिटून घेतले. ऐकायचं होतं तिला.

पण डोळे मिटूनही तिला एक गोष्ट कळत होती. समोरच्या लहानशा आरशात जलालनं पाहिलं की त्याचा पाय जरा विसरायचा आणि गाडीचा सूर किंचित उतरायचा. मग सावरायचा. पुन्हा उतरायचा. पाचव्या मैलापर्यंत तिनं असे अकरा उतार मोजले.

“तुमचा पाय ठिकाणावर ठेवा,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “मले इंजिन ऐकायचं आहे.”

“पाय ठिकाणावरच आहे.”

“ऐकू येऊन राह्यलं मले कुठं आहे ते.”

“रस्ता पाह्य रे,” फुफी म्हणाली आणि पानाला चुना लावायला लागली.

त्याचे कान लाल झाले असणार. नंतर बराच वेळ सूर उतरला नाही.

आणि त्या शांततेत गुलनारला ते ऐकू आलं. तिच्या पाठीमागं, टाकीकडच्या बाजूला, एक बारीक टिकटिक. टाकीतून पेट्रोल ओढणारा विजेचा पंप. टिक... टिक... टिक. सातव्या मैलाच्या दगडाशी ती टिकटिक जड झाली. आठव्या मैलाला दोन टिकांमधलं अंतर वाढलं. मग एक शेवटची टिक, आणि काही नाही. तिनं श्वास रोखला. थोड्याच वेळात पुढं इंजिन एक ठोका चुकलं. मग दुसरा. हे करंट तुटल्यासारखं तटकन तुटत नव्हतं. विरत होतं, घसा कोरडा पडावा तसं.

नववा मैल. गाडी थांबली. जलाल उडी मारून बॉनेटकडे धावला.

“बॉनेट नको उघडू,” गुलनार म्हणाली. घाईत ती त्याला अरे-तुरे करून गेली; दोघांनाही ते कळलं, दोघांनीही न कळल्यासारखं केलं. “तुमी रोज इथं काय काय करता?”

“बॉनेट उघडतो. वायरी पाह्यतो. मंग पेट्रोल आहे का ते पाह्यतो, झाकण लावतो. मंग सुरू होते.”

“आज पेट्रोल आधी पाहा. चाबी तशीच राहू द्या.”

त्यानं मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. आतून एक लांब, खोल आवाज आला: स्स्स्स... कुणीतरी कितीतरी वेळ दाबून धरलेला उसासा सोडावा तसा. आणि लगेच गुलनारच्या पाठीमागं पंप भराभर टिकटिकायला लागला.

ती हसली. आनंदानं, मोठ्यानं, पदर न दाबता.

“झाकण दाखवा मले.”

झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. त्यात कापूस ठासलेला, वरून मेणानं सुबक बंद केलेला. इतकं नीट काम की पाहिल्याशिवाय कळू नये.

“हे कोणी केलं?”

जलाल झाकणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मी.”

“काहून?”

“गाडीची शेड जिनिंगच्या कारखान्याच्या भिंतीले लागून आहे. दिवसभर रुई उडते. टाकीत जाईन, आतून खराब होईन म्हणून... गाडी आली त्याच दिवशी बंद केलं. लय जपतो मी तिले.”

“टाकीतलं पेट्रोल जसजसं कमी होते, तशी त्याच्या जागी हवा पाह्यजे,” ती म्हणाली. “त्या भोकातून तेवढीच हवा जाते. तुमी तेच बुजवलं. नऊ मैल ती कशीबशी ओढते, मंग पंपाचंही चालत नाही. तुमी पेट्रोल पाहायले झाकण उघडता तेव्हा श्वास घेते बिचारी.”

“म्हणजे मायेनंच गळा दाबला म्हण,” फुफी पुढून म्हणाली.

गुलनारनं केसांतला आकडा काढला आणि मेण खरवडून कापूस उपसला. आकडा काढल्यानं एक बट सुटून गालावर आली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. जलालचं होतं.

खात्री करायला ते पुढं निघाले. दहावा मैल, बारावा, पंधरावा. पंप टिकटिकत होता, इंजिन गात होतं. ऊन मऊ झालं होतं, शेतांवर धुराची निळी रेघ उभी होती, आणि हा रस्ता कधी घाटंजीला पोचू नये असं गुलनारला अगदी मनापासून वाटलं. फुफीनं डोळे मिटले होते. ती झोपली होती की नाही, हे कुणालाच कधी कळायचं नाही.

“आता वकीलसाहेब गाडी विकत नाहीत,” जलाल म्हणाला. “मंग मीही जात नाही.”

“बरं झालं.”

“कोणासाठी?”

“गाडीसाठी.”

सूर उतरला. सावरला.

“अम्मीले पाठवू काय... उस्तादकडे?”

गुलनारनं डोळे उघडले. आरशात त्याचे डोळे होते, आणि आता त्यांत थट्टा नव्हती. तिला हो म्हणायचं होतं.

“नका पाठवू,” ती म्हणाली. “तीन स्थळं परतवली मी. मी सासरी गेली तर अब्बाचं कोण ऐकणार? कान इथं ठेवून जाता येत असतं तर... आजच हौ म्हटलं असतं.”

त्यानंतर घरापर्यंत गाडीचा सूर एकदाही उतरला नाही. तिला तेच सोसवेना.

रविवारची सकाळ उजाडली. नागपूरचा माणूस आला तसाच परत गेला. वकीलसाहेब आभार मानायला गॅरेजात येऊन स्टुलावर बसले होते. जलालनं आपली चूक त्यांना आधीच सांगून टाकली होती आणि ते पोट धरून हसले होते. ट्रकवाला धनसिंग आपला ट्रक घेऊन थांबला होता. अब्बा हात पुसत उभे होते.

तेवढ्यात जलाल आला. पांढरा शुभ्र पायजमा, तेल लावून चापून बसवलेले केस; अंगावर रुईचा एक तंतू नाही. खिळ्याच्या भोकातून गुलनारनं पाहिलं आणि हातांचं पीठ झटकायचंही विसरली.

तो अब्बांसमोर उभा राहिला. मागणी घालायला आलेला, आणि तीही आपली आपणच घालणारा. त्यानं मान खाली घातली, अगदी छातीला हनुवटी टेकेपर्यंत, आणि बोलायला लागला.

“उस्ताद, मी मागणी घालायले आलो. पण मी तिले न्यायले नाही आलो, मी इथं राहायले आलो. वकीलसाहेबाले सांगून आलो. इथं काम करीन...”

अब्बांना त्याच्या केसांचा भांग तेवढा दिसत होता.

गुलनारनं लाटणं उचललं आणि तसंच धरून राहिली. या गोष्टीसाठी त्यांच्यात ठोका ठरलेलाच नव्हता. वकील पाहत होते, धनसिंग पाहत होता. अब्बा नेहमीसारखी मान डोलवू शकले असते, ‘हौ, पाहू’ म्हणू शकले असते. सात वर्षं हेच करत आले होते. त्यांची नजर एकदा मागच्या पत्र्याकडे गेली.

“जलाल,” ते म्हणाले, “मान वर करून बोल बेटा. मले ऐकू येत नाही.”

वकील स्टुलावरून अर्धे उठले.

“सात वर्षं झाली,” अब्बा सगळ्यांकडे पाहून म्हणाले. “गाड्या माही पोरगी ऐकते, तिकडून. मी नुसता हात ठेवतो. गाडीचं मी कसंबी निभावून नेतो. पण पोरीची गोष्ट अंदाजानं ऐकणार नाही.”

पत्र्यामागं गुलनारनं लाटणं खाली ठेवलं. संपलं, तिला वाटलं. सात वर्षं जपलेलं एका वाक्यात संपलं. आणि डोळ्यांना धार लागली तरी छातीवरचं ओझं मात्र हललं होतं.

धनसिंगनं आपल्या ट्रकाकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. मिशी चोळली. सावकाश चालत पत्र्याजवळ गेला.

“बाई, मागच्या मंगळवारी माह्या ट्रकचा वॉल्व तुमीच सांगतला काय?”

“हौ,” आतून ओला आवाज आला.

“बराबर होता.” तो खाकरला. “आता गिअर पाडताना कर्रकर्र करते. मी चालू करतो, तेही ऐकून घ्या.”

“जरा थांब ना भल्या माणसा,” वकील म्हणाले. “आधी याचं होऊ दे.”

जलालनं मान वर केली. कानांच्या पाळ्या लालभडक. एकेक शब्द सुटा करून, अब्बांच्या डोळ्यांत पाहत त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “हात माहे, कान तिचे. दुकान तुमचं. तिले इथून कुठं जायची गरज नाही.”

अब्बांनी ते नीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

“तिलेच विचार,” ते म्हणाले. “गुलनार, इकडं ये. समोरून ये.”

ती वळसा घालून आली. डोळे पुसलेले, हातांना पीठ तसंच. पहिल्यांदाच ती गॅरेजात गिऱ्हाइकांसमोर उभी होती. जलालनं काहीच विचारलं नाही, नुसतं पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि काहीतरी म्हणाली, इतकं हळू की ते जलालखेरीज कुणालाच ऐकू गेलं नसेल.

“काय म्हणते?” अब्बांनी विचारलं. “मले दिसलं नाही.”

तेव्हा गुलनारनं मान वर केली. “हौ म्हटलं, अब्बा,” ती स्वच्छ, मोठ्यानं म्हणाली. तोंड अब्बांकडे होतं, डोळे मात्र जलालकडे.